सात हाली, सहा कलदार

आमच्या घरी एक जुनी वही आहे. लाल कापडी बांधणीची, दोऱ्याने शिवलेली, उभ्या पानांची. तिच्या पहिल्या पानावर माझ्या आजीच्या हातचे ‘जमाखर्च, सन १३५० फसली’ एवढेच शब्द आहेत. फसली १३५० म्हणजे इसवी सनाचे १९४०-४१ साल. माझे आजोबा वैजापूर तालुक्यातून नोकरीसाठी हैदराबादेस आलेले शाळामास्तर होते. आजीचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. मी स्वतः गेली वीस वर्षे या शहरात गणित शिकवीत आले आहे आणि ती वही लहानपणापासून पाहत आले आहे. परंतु तिचा खरा अर्थ मला फार उशिरा उमगला. तो कसा उमगला हे ओघाने सांगेनच. त्याआधी, ती वही ज्या काळातली आहे त्या काळी हैदराबादेतील एका सामान्य कुटुंबाला महिन्याच्या खर्चाचा अंदाज बांधणे किती बिकट होते, ते आपण पाहू.

पहिली अडचण होती ती नाण्याची. आज रुपया म्हटला की तो एकच. त्या काळी हैदराबादेत रुपये दोन होते. एक निजाम सरकारचा. त्याला ‘हाली शिक्का’ म्हणत. हाली म्हणजे सध्याचा, चालू. दुसरा इंग्रज सरकारचा. त्याला ‘कलदार’ म्हणत, म्हणजे कळेने, यंत्राने पाडलेला. पुढे हाली रुपयाही यंत्रावर पाडला जाऊ लागला आणि त्यावर चारमिनार उमटला, तरी जुनी नावे लोकांच्या तोंडी तशीच राहिली. १९१८ पासून निजामाच्या स्वतःच्या कागदी नोटाही निघाल्या. त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी या भाषांतही किंमत छापलेली असे.

या दोन रुपयांची किंमत सारखी नव्हती. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा सर्वसाधारण हिशेब होता. शंभर कलदार रुपयांना एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली मोजावे लागत. सुट्या नाण्यांतही फरक होता. आण्याचे पै दोन्हीकडे बाराच. परंतु कलदाराच्या एका आण्यात तीन पैंचे चार पैसे बसत, तर हाली आण्यात दोन पैंची सहा नाणी. सिकंदराबादच्या छावणीकडे गेले की व्यवहार कलदाराचा. हुसेनसागरचा बांध ओलांडून शहरात आले की हालीचा. म्हणजे बांधाच्या या टोकापासून त्या टोकाला जाईपर्यंत गृहिणीच्या बटव्यातल्या पैशांची किंमत मनातल्या मनात बदलावी लागे. शिवाय नाणे बदलून घ्यायचे तर सराफाचा वटाव निराळा.

आजीच्या वहीत प्रत्येक पानावर उजवीकडे दोन रकाने आहेत. एकावर ‘हा.’ आणि दुसऱ्यावर ‘क.’ अशी खूण आहे. आजोबांचा पगार सत्तर रुपये हाली. धाकटे चुलत आजोबा त्या वेळी पुण्यास शिकत होते. त्यांना दरमहा बारा रुपये पाठवायचे, आणि पुणे इंग्रजी मुलुखात, म्हणून ते कलदार. बारा कलदार म्हणजे चौदा हाली. पत्रात ‘बारा रुपये पाठवले’ असे लिहिले जाई. घरातून मात्र चौदा जात. ही दोन रुपयांची तफावत ज्या घराच्या ध्यानात राहिली नाही, त्या घराला महिन्याच्या अखेरीस पैसे कुठे गेले हे कोडे पडत असेल.

दुसरी अडचण महिन्याची. अंदाजपत्रक महिन्याचे, परंतु महिना कोणता? निजाम सरकारचा कारभार फसली सनाने चाले. ऑक्टोबरात आजूर महिन्याने वर्ष सुरू होई आणि मग दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी असे करीत आबानला संपे. पगार आणि घरभाडे या महिन्यांप्रमाणे. पुण्याच्या कॉलेजची फी इंग्रजी महिन्याप्रमाणे. शेजारपाजारचे सण शालिवाहन शकाच्या पंचांगाप्रमाणे, मोहरम आणि रमजान हिजरी चांद्र महिन्यांप्रमाणे, तर आमच्या घरचा नाताळ डिसेंबरच्या पंचवीस तारखेलाच. पगार एका पंचांगाने येई आणि खर्च चार पंचांगांनी निघे. त्यातून एखाद्या फसली महिन्यात दोन मोठे खर्च एकदम कोसळत, तर एखादा महिना कोरडा जाई. आजीने वहीच्या मलपृष्ठावर बारा फसली महिन्यांची नावे एका खाली एक लिहून समोर इंग्रजी महिने आणि त्या त्या महिन्यात येणारे मोठे खर्च मांडून ठेवले आहेत. चौथी शिकलेल्या बाईने केलेले हे वर्षाचे कोष्टक पाहून आजही मला शिक्षिका म्हणून तिचा हेवा वाटतो.

आता तिने सत्तर रुपयांची वाटणी कशी केली होती ते ऐका. धान्य, भाजी, दूध, मटण मिळून अठ्ठावीस रुपये. घरभाडे नऊ. पुण्याचे चौदा. सरपण आणि घासलेट पाच. शाळा आणि किरकोळ चार. देवाचा एक. शिल्लक दोन. यांची बेरीज त्रेसष्ट होते. उरलेल्या सात रुपयांपुढे तिने एकच शब्द लिहिला आहे: ‘वार्षिक’. दर महिन्याला हे सात रुपये एका वेगळ्या डब्यात जात आणि वर्षाचे चौऱ्याऐंशी होत. सुगीत ज्वारीचे पोते, तुरीची डाळ, मिरची, चिंच यांची बेगमी, नाताळचे कपडे आणि वर्षातून एकदा गावी जाण्याचे रेल्वेचे भाडे, हे सारे त्यातून भागे. वर्षातून एकदा येणारा खर्च हा अचानक येणारा खर्च नसतो. तो बारा महिने अगोदर ठाऊक असतो. आपणच त्याला विसरतो. त्याचे बारा तुकडे करून प्रत्येक महिन्याला एकेक वाटून देणे, ही त्या वहीतील पहिली शिकवण.

श्रोतेहो, ज्या दौलतीच्या नाण्यात आजी हा हिशेब करीत होती, ती दौलत स्वतः एके काळी हिशेब चुकल्यामुळे बुडण्याच्या काठावर आली होती. राज्य म्हणजे एक मोठे घरच. तेव्हा त्या मोठ्या घराचीही गोष्ट पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादचा कारभार राजा चंदुलाल यांच्या हाती होता. फौजेचा खर्च अफाट, वसुली मक्तेदारांकडे, आणि पगार महिनोन्‌महिने थकलेले. अशा वेळी हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी पुढे झाली. १८१६ मध्ये गव्हर्नर जनरलच्या सरकारने तिला निजाम सरकारशी देवघेव करण्याची मुभा दिली. फौजेचा पगार पेढीने द्यावा आणि त्याबद्दल काही तालुक्यांचा वसूल पेढीकडे जावा, अशी व्यवस्था झाली. व्याज शेकडा पंचवीसच्या आसपास. १८२० मध्ये साठ लाखांचे मोठे कर्ज काढले गेले. त्याच वर्षी रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफने चौकशी केली, तेव्हा त्यातील बराचसा भाग म्हणजे त्याच पेढीचे जुने येणे नव्या खात्यावर चढवलेले आहे, हे त्याने उघडकीस आणले. जुने कर्ज फेडण्यासाठी काढलेले नवे कर्ज हे बहुधा असेच असते; नाव बदलते, आकडा वाढतो.

या पेढीचे देणे भागवण्यासाठी १८२३ मध्ये काय करावे लागले, ते विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. उत्तर सरकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या किनाऱ्याच्या प्रांताबद्दल ईस्ट इंडिया कंपनी निजामाला दरसाल सात लाख रुपये पेशकश देत असे. हे उत्पन्न कायमचे होते. एक कोटी सोळा लाख सहासष्ट हजार सहाशे सहासष्ट रुपयांच्या एकरकमी मोबदल्यात निजाम सरकारने त्यावरचा हक्क सदाचा सोडून दिला. भागाकार करून पाहिला तर ही रक्कम सोळा वर्षे आठ महिन्यांच्या पेशकशीइतकी भरते. म्हणजे सतराव्या वर्षापासून पुढचे प्रत्येक वर्षाचे सात लाख त्या घराने एका जुन्या उधारीपायी गमावले. घरातली जिन्नस विकली तर ती पुन्हा घेता येते. पुढे येणारे उत्पन्नच विकले, तर ते विकत घेण्यासाठी काही उरतच नाही.

आणि सवय सुटली नाही. हैदराबाद कंटिंजंट या इंग्रजी अमलाखालील फौजेच्या खर्चाची थकबाकी साचत गेली, आणि २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिवचा प्रदेश व रायचूर दुआब हे मुलुख त्या खर्चासाठी इंग्रजांच्या ताब्यात गेले. धाराशिव व रायचूर १८६० मध्ये परत मिळाले आणि सुमारे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र परतले नाही. १९०२ मध्ये दरसाल पंचवीस लाखांच्या मोबदल्यात ते इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने गेले. कापसाने पांढरे होणारे ते मराठी जिल्हे हिशेबाच्या वहीतून गेले, रणांगणावर नव्हे.

त्या १८५३ सालीच, तहानंतर काही दिवसांत, मीर तुराब अली खान, म्हणजेच पहिले सालारजंग, दिवाण झाले. वय अवघे चोवीस. त्यांनी जे केले ते कोणत्याही कर्जबाजारी घराच्या कर्त्याने करावे असेच होते. गहाण पडलेले तालुके एकेक करून सोडवून घेतले. वसुलीचा मक्ता देण्याची पद्धत मोडून पगारी अधिकारी नेमले, म्हणजे घरात येणारा पैसा मधल्या हातांत न अडकता घरातच येऊ लागला. १८६५ मध्ये जिल्हाबंदी करून राज्याची नीट वाटणी केली. नाण्यांतील गोंधळही आवरला. तोवर औरंगाबादेकडे गोविंदबक्षी, इतरत्र नारायणपेठी, गदवाली असे नाना तऱ्हेचे रुपये चालत आणि प्रत्येकाचा भाव निराळा असे. ते मागे पडून हाली शिक्का पुढे आला. आपण काय मिळवतो आणि काय खर्चतो हे एकाच मापाने मोजल्याशिवाय कोणताही अंदाज बांधता येत नाही, हे सालारजंगांनी ओळखले होते.

मोठ्या घराची गोष्ट झाली. आता लहान घरांची. घरखर्चाचा शास्त्रीय अभ्यास ही तशी नवी गोष्ट. १८५७ मध्ये एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने कामगारांच्या घरखर्चाची टिपणे तपासून असा नियम सांगितला की, कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. आपल्याकडे मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये मुंबईच्या कामकरी कुटुंबांची अशी पाहणी केली. फिंडले शिरास यांनी लिहिलेला तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गिरणगावच्या खोल्यांतील संसार आकड्यांत उतरलेला दिसतो. शंभर रुपये खर्चापैकी अन्नावर ५६.८, सरपण व दिवाबत्तीवर ७.४, कपड्यांवर ९.६, भाड्यावर ७.७ आणि इतर गोष्टींवर १८.५ रुपये. याच पाहणीत शंभरांपैकी सुमारे सत्तेचाळीस कुटुंबे कर्जात असल्याचे आढळले. व्याजाचा नेहमीचा दर होता रुपयाला महिना एक आणा.

रुपयाला महिना एक आणा! कानाला हे किती क्षुल्लक वाटते. एक आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग. परंतु बारा महिन्यांचे बारा आणे झाले. सोळा आण्यांच्या रुपयावर बारा आणे व्याज म्हणजे वर्षाला शेकडा पंच्याहत्तर. पामरच्या पेढीने निजामाला लावले त्याच्या तिप्पट. राजाला पंचवीस आणि रंकाला पंच्याहत्तर, ही सावकारीची जुनी रीत. व्याज नेहमी महिन्याच्या हिशेबाने सांगितले जाते, कारण वर्षाच्या हिशेबाने सांगितले तर घेणारा दचकेल. खेड्यांतही स्थिती वेगळी नव्हती. १९५१-५२ मध्ये देशभर झालेल्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जाचा सुमारे सत्तर टक्के भाग सावकारांकडून आणि अवघा तीन टक्के सहकारी संस्थांकडून आल्याचे दिसले.

आजीच्या वहीतही हा एक आणा आहे. १९४३ साल. महायुद्धाने महागाई भडकली होती, आणि त्या एका वर्षात आजीला सत्तर रुपयांची वाटणी तीनदा नव्याने करावी लागल्याचे दिसते. ‘वार्षिक’ सातावरून चारावर आले. शिल्लक संपली. अशातच माझी मोठी आत्या, सहा वर्षांची, मुदतीच्या तापाने आजारी पडली. डॉक्टर, बर्फ, दूध, मोसंबी. वहीत एका ओळीत लिहिले आहे: ‘वीस रुपये उसने, दर रुपयास आणा एक.’ सावकाराचे नाव नाही. पुढच्या पानापासून सर्वांत वर, धान्याच्याही आधी, ‘व्याज १ रु. ४ आणे’ अशी नोंद आहे. ती आठ महिने आहे. आठ महिन्यांचे दहा रुपये. म्हणजे घेतलेल्या रकमेच्या निम्मे. आत्या पहिल्या महिन्याच्या अखेरीसच गेली. त्या तारखेला ‘पेटी’ आणि ‘मेणबत्त्या’ असे दोनच खर्च लिहिले आहेत. त्यानंतर सात महिने व्याज चालू होते.

कर्ज फिटले त्या महिन्यापासून वहीत एक नवा रकाना दिसू लागतो: ‘दुखणे, १ रु.’ धान्याचे भाव कितीही चढले, पुण्याचे पैसे कमी करावे लागले, तरी हा रुपया शेवटच्या पानापर्यंत एकदाही चुकलेला नाही. अंदाजपत्रकाचे रकाने पुस्तकातून येत नाहीत. प्रत्येक रकान्यामागे घरावरून गेलेला एखादा दिवस असतो.

पुढचा इतिहास वहीत थोडक्यात आला आहे. सप्टेंबर १९४८ मधील तेरा ते सतरा हे पोलीस कारवाईचे पाच दिवस कोरे आहेत. अठराव्या दिवशी ‘मीठ, काडेपेटी’ लिहून हिशेब पुन्हा सुरू होतो. १९५० पासून भारतीय रुपया हालीच्या जोडीने चालू झाला आणि पुढच्या वर्षी हाली नाणी व नोटा काढणे बंद झाले. आजोबांच्या सत्तर हालींचे साठ रुपये झाले. किंमत तीच, परंतु आजीने शेजारी लिहिले आहे, ‘भाजीवाला जुनाच भाव सांगतो.’ नाणे बदलते तेव्हा भाव बदलून घेण्याचे काम गिऱ्हाइकालाच करावे लागते. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. आणा गेला, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे सव्वासहा पैसे होत. पण अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडावा, अशा नियमाने एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस असे कोष्टक ठरले. आण्याची जिन्नस चार वेळा वेगवेगळी घेतली तर चोवीस पैसे, एकदम घेतली तर पंचवीस. आजीने ते कोष्टक वहीत उतरवून घेतले आहे, आणि खाली बारीक अक्षरात लिहिले आहे: ‘एकेक घ्यावे.’

आता मी आरंभी सांगितलेली गोष्ट. एप्रिल २०२०. टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि माझ्यासारख्या खाजगी शाळांतील अनेक शिक्षकांचे पगार निम्म्यावर आले; काहींचे थांबलेच. आमच्या घरी यजमानांचेही काम बंद होते. दुचाकीचा आणि शीतकपाटाचा असे दोन हप्ते चालू होते. हप्ते काही महिने पुढे ढकलण्याची सवलत रिझर्व्ह बँकेने त्या मार्चमध्ये दिली होती, आणि आम्ही आनंदाने ती घेतली. व्याज मात्र त्या महिन्यांतही चढत राहते, हे गणिताच्या शिक्षिकेला, म्हणजे मला, कागद हाती पडल्यावर कळले. पामरच्या पेढीची गोष्ट मी वर्गात कितीदा गप्पांच्या ओघात सांगितली असेल! पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तेलंगण सरकारने खाजगी शिक्षकांना दोन हजार रुपये आणि पंचवीस किलो तांदूळ देण्याचे जाहीर केले. ते तांदूळ आमच्याही घरी आले. ते घरात ठेवताना मला संकोच वाटला, हे मी कबूल करते. त्या रात्री मी आजीची वही उघडली आणि प्रथमच ती वरून खाली न वाचता आडवी वाचली. एकच रकाना महिन्यामागून महिना. ‘वार्षिक’ सात, सात, सात. ‘दुखणे’ एक, एक, एक. माझा पगार तिच्या सत्तर रुपयांहून मोठा होता, परंतु माझ्या हिशेबात हे दोन रकाने नव्हते. त्यांच्या जागी दोन हप्ते होते. तिचे रकाने येणाऱ्या महिन्यांसाठी काही ठेवीत होते. माझे हप्ते येणाऱ्या महिन्यांतून अगोदरच काढून घेत होते. हा फरक समजायला मला चाळिशी उलटावी लागली.

तेव्हा, श्रोतेहो, महिन्याचे अंदाजपत्रक करू इच्छिणाऱ्यांना या जुन्या हैदराबादेवरून चार-पाच गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, माप एकच असावे. हाती प्रत्यक्ष येणारा पैसा हाच जमेच्या बाजूला मांडावा. मिळणारा, मिळू शकणारा, मिळालाच पाहिजे असा पैसा हा दुसऱ्या टांकसाळीचा रुपया. तो सध्या चालू नाही. हाली नाही.

दुसरी, महिन्याआधी वर्ष मांडावे. शाळेची फी, विम्याचा हप्ता, सणाचे कपडे, गावचा प्रवास, घरपट्टी यांची बेरीज करून तिला बाराने भागावे, आणि तो भाग पगाराच्या दिवशीच बाजूला काढावा. शेवटी उरेल ते ठेवू म्हणणाऱ्याच्या हाती शेवटी काही उरत नाही.

तिसरी, दुखण्याचा रकाना ठेवावा, मग तो कितीही लहान असो. घरात सगळे धडधाकट असतात तेव्हाच तो भरता येतो.

चौथी, व्याजाचा दर कोणी महिन्याचा सांगितला, तर तो तिथल्या तिथे बाराने गुणावा. आणि देणे असेल तर ते लपवू नये. धान्याच्याही वर, पानाच्या माथ्यावर लिहावे. आजीने तसे लिहिले म्हणून ते आठ महिन्यांत फिटले. चंदुलालांच्या दफ्तरात तेच देणे नव्या खात्यावर चढत गेले, आणि सात लाखांची पेशकश घेऊन गेले.

पाचवी, महिन्याच्या अखेरच्या दिवशी अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी ठेवून ताळा पाहावा. अंदाजपत्रक पगाराआधी करतात, जमाखर्च खर्चानंतर लिहितात. परंतु शहाणपण येते ते या दोहोंतील फरक पाहिल्याने. तो फरक पाहताना कोणावर रागावू नये. घरातल्या मोठ्या मुलांनाही जवळ बसवावे. आम्ही तसे करू लागल्यापासून माझी मुलगी दुकानात किंमत विचारण्यापूर्वी ‘हे कोणत्या रकान्यातून?’ असे विचारते, आणि पुष्कळदा त्या प्रश्नानेच खरेदी आटोपते.

यात काटकसरीचा फारसा उपदेश नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. आजीच्या वहीत मटण आहे, नाताळच्या करंज्या आहेत, आणि एकदा तर ‘सिनेमा, चौघे’ अशीही नोंद आहे. जी गोष्ट रकान्यात मांडलेली आहे, तिच्यावर खर्च करताना तिचा हात आखडलेला नाही. तिने जपले ते एवढेच, की येणारा महिना येईल तेव्हा तो आपल्या मालकीचा असावा. एकदाच, वीस रुपयांपायी, तिला आठ महिने दुसऱ्याच्या हवाली करावे लागले, आणि ती खूण तिने जन्मभर एका रुपयाच्या रकान्यात जपली.

आमच्या दुचाकीचा शेवटचा हप्ता २०२२ मध्ये फिटला. त्या महिन्यापासून तेवढीच रक्कम मी निराळी काढते आणि नव्या वहीत तिच्यापुढे आजीचाच शब्द लिहिते: ‘वार्षिक’. ही वही निळ्या पुठ्ठ्याची आहे आणि तिच्यात रुपया एकच आहे. तरीही उजवीकडे मी दोन रकाने आखले आहेत. एक अंदाजाचा आणि एक खर्चाचा.